गणितसारसंग्रहकार महावीराचार्य

दहावीच्या बीजगणितात एका विशिष्ट प्रकारची उदाहरणे असतात. दोन समीकरणे, दोन अज्ञात संख्या आणि पहिल्या समीकरणातील सहगुणकच दुसऱ्या समीकरणात जागा बदलून आलेले. अशा वेळी दोन्ही समीकरणांची आधी बेरीज करावी, नंतर वजाबाकी करावी, म्हणजे उत्तर हाती येते, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाने शाळेत गणित शिकविताना ही रीत फळ्यावर किती वेळा लिहिली याची गणती नाही. ही रीत कोणाची, असे एकाही विद्यार्थ्याने कधी विचारले नाही आणि खरे सांगायचे तर शिक्षकालाही तो प्रश्न कधी सुचला नाही. सेवानिवृत्तीनंतर सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ साली प्रसिद्ध केलेला ‘गणितसारसंग्रह’ हाती आला. त्यातील मिश्रक-व्यवहार नावाच्या अध्यायात महाळुंग आणि कवठ या दोन फळांच्या किमतीचे एक उदाहरण आहे. ते वाचले आणि पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसावे लागले. फळ्यावर जन्मभर लिहिलेले उदाहरण ते हेच, आणि ते एका जैन आचार्यांनी साडेअकराशे वर्षांपूर्वी संस्कृत पद्यात बांधून ठेवलेले! आपल्याच कोठारातले धान्य आपण बाजारातून विकत आणीत होतो, असे त्या क्षणी वाटले.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावा अशी विश्वस्तांची सूचना आली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. महावीराचार्यांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या ग्रंथातील एखादे उदाहरण सोडवून दाखविणारा माणूस शोधू गेल्यास तो क्वचितच सापडतो. हा लेख ती उणीव थोडीशी भरून काढण्यासाठी आहे.

आचार्यांचा काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाचा मध्य, सामान्यतः इ.स. ८५० च्या सुमाराचा मानतात. त्या वेळी दक्षिणापथावर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याचे राज्य होते. इ.स. ८१४ मध्ये, अगदी कोवळ्या वयात, तो सिंहासनावर बसला आणि पुढे साठ वर्षांहून अधिक काळ त्याने राज्य केले. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले कागिणा नदीकाठचे मळखेड. आज ते एक साधे गाव आहे. पडका किल्ला आणि नेमिनाथांचे प्राचीन मंदिर एवढ्याच खुणा उरल्या आहेत. परंतु ज्या काळात अरब प्रवासी राष्ट्रकूट राजाची गणना जगातील चार थोर राजांत करीत होते, त्या काळचे मान्यखेट वेगळे होते. वेरूळच्या लेण्यांवर ज्यांचा हात फिरला त्याच राजवंशाची ही राजधानी असल्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

अमोघवर्षाच्या काळाला जैन वाङ्मयाचे सुवर्णयुग म्हणावे लागेल. त्याच्या कारकिर्दीच्या आरंभीच, इ.स. ८१६ मध्ये, आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावरील ‘धवला’ टीका पूर्ण केली. त्यांचे शिष्य जिनसेन यांनी इ.स. ८३७ मध्ये ‘जयधवला’ पुरी केली. हेच जिनसेन अमोघवर्षाचे गुरू होत. वैयाकरण शाकटायन याच दरबारातले. ‘कविराजमार्ग’ हा कानडी भाषेतील आद्य ग्रंथ याच राजाच्या नावाशी जोडलेला आहे. ‘धवला’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, जीव, द्रव्य आणि क्षेत्र यांची मोजदाद करताना वीरसेनाचार्य किती मोठ्या संख्यांशी लीलया व्यवहार करतात. कर्मसिद्धान्त आणि लोकरचना समजून घ्यायची तर संख्येवाचून एक पाऊलही टाकता येत नाही, ही जैन आचार्यांची जुनी धारणा. ज्या वातावरणात श्रावकही पल्य आणि सागर या कालमानांचा विचार करीत, त्या वातावरणात गणिताला स्वतंत्र ग्रंथ लाभावा यात नवल नाही.

महावीराचार्यांच्या चरित्राविषयी मात्र त्यांचा ग्रंथ जवळजवळ मौन पाळतो. माता-पिता कोण, जन्मगाव कोणते, दीक्षा कोठे झाली, यांचा त्यात उल्लेख नाही. पुढील काळात अनेक ग्रंथकार शेवटी प्रशस्ती जोडून आपली गुरुपरंपरा सांगतात. येथे तसे काही हाती लागत नाही. म्हणून त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचा ग्रंथच, असे समजून चालावे लागते. सुदैवाने ग्रंथ बोलका आहे.

आरंभी ते तीर्थंकर महावीरांना वंदन करतात, आणि ते संख्याज्ञानाच्या प्रकाशाने सारे जग उजळणारे म्हणून. त्यानंतर अमोघवर्षाची स्तुती येते. राजस्तुती म्हटली की हत्ती, घोडे, पराभूत शत्रू असा ठरलेला थाट असतो. आचार्यांनी तो काही अंशी पाळला आहेच. परंतु शेवटी ते राजाला एकान्तवादाचा पाडाव करणारा आणि स्याद्वादाच्या न्यायाने बोलणारा असे विशेषण देतात आणि त्याचे शासन वाढो अशी इच्छा करतात. गणिताच्या पुस्तकाच्या दारावर स्याद्वादाचे तोरण पाहून मौज वाटते. पुढे गणिताची महती येते. लौकिक, वैदिक आणि धार्मिक व्यवहार, अर्थशास्त्र, संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या, छंद, व्याकरण या सर्वांत गणिताचा उपयोग कसा होतो हे ते सांगतात. सूर्यचंद्रांच्या गती, ग्रहणे, द्वीपसमुद्रांचे विस्तार, इतकेच काय, नरक आणि स्वर्ग यांची मापेही गणितावाचून कळत नाहीत. त्रैलोक्यात चर-अचर असे जे काही आहे ते गणिताला सोडून राहू शकत नाही, या आशयापर्यंत ते जातात. आणि लगेच नम्रतेने सांगतात की, हे ज्ञान आपले नव्हे. तीर्थंकरांच्या शिष्यपरंपरेने जपलेल्या ज्ञानसागरातून आपण आपल्या कुवतीप्रमाणे थोडी रत्ने वेचून घेतली आहेत. ‘सारसंग्रह’ हे नाव त्यातूनच आले.

ग्रंथाचा विस्तार सुमारे अकराशे श्लोकांचा. संज्ञा, परिकर्म, कलासवर्ण म्हणजे अपूर्णांक, प्रकीर्णक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खात आणि छाया असे त्याचे भाग आहेत. त्या काळी गणिताचे अध्याय बहुधा ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांत एका कोपऱ्यात बसविलेले असत. हा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत केवळ गणिताचा आहे. परिकर्मांत साधी बेरीज आणि वजाबाकी शिकविण्यात त्यांनी जागा घालविली नाही, वाचकाला तेवढे येतेच असे गृहीत धरले. अपूर्णांकांना समच्छेद करण्यासाठी आपण ज्याला लसावि म्हणतो त्याची रीत त्यांनी ‘निरुद्ध’ या नावाने दिली आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ऋण संख्या ही कोणाचाही वर्ग नसते, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. ज्या प्रश्नाने युरोपातील गणितज्ञांना पुढे शतकानुशतके अस्वस्थ केले, तो त्यांनी निदान नेमका ओळखला होता.

आता त्या फळांकडे वळू.

एका माणसाने नऊ महाळुंगे आणि सात कवठे घेतली. एकूण किंमत १०७ झाली. पुन्हा सात महाळुंगे आणि नऊ कवठे घेतली. तेव्हा १०१ पडले. तर एका महाळुंगाची आणि एका कवठाची किंमत किती, हे आचार्य गणितज्ञाला विचारतात आणि त्वरित सांगण्यास बजावतात. (महाळुंग म्हणजे मातुलिंग. जैन मूर्तिविधानात भगवान महावीरांचा यक्ष मातंग याच्या हाती हेच फळ असते. आचार्यांच्या मनात तो संदर्भ होता की नाही हे सांगता येणार नाही. पण मंदिरात ती मूर्ती पाहिली की हे उदाहरण आठवते, हा आता माझा नित्याचा अनुभव झाला आहे.)

प्रश्नातील अडचण पाहावी. पहिल्या खरेदीचा १०७ हा आकडा खरा आहे, परंतु त्यात दोन किमती एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. महाळुंग ११ ला आणि कवठ सव्वाला असले तरी १०७ च्या आसपास पोचता येते. महाळुंग ५ ला आणि कवठ ९ च्या थोडे अलीकडे धरले तरी तेच. एका बेरजेवरून दोन किमती कधीही वेगळ्या काढता येत नाहीत, मग गणित करणारा कितीही हुशार असो. म्हणून या अध्यायाचे नाव ‘मिश्रक’, आणि म्हणूनच दुसरी खरेदी सांगावी लागते.

आचार्यांचा नियम असा आहे: दोन्ही खरेदींपैकी जिची किंमत मोठी तिला फळांच्या मोठ्या संख्येने गुणावे. लहान किमतीला लहान संख्येने गुणून ते त्यातून वजा करावे. उरेल त्याला त्या दोन संख्यांच्या वर्गांच्या अंतराने भागावे, म्हणजे मोठ्या किमतीच्या खरेदीत जे फळ अधिक घेतले त्याचा भाव मिळतो. दुसऱ्या फळासाठी किमती उलटसुलट कराव्यात. करून पाहू. १०७ गुणिले ९ म्हणजे ९६३. १०१ गुणिले ७ म्हणजे ७०७. अंतर २५६. नऊचा वर्ग ८१, सातचा ४९, त्यांचे अंतर ३२. २५६ ला ३२ ने भागले की ८. महाळुंग आठाला एक. आता १०१ गुणिले ९ म्हणजे ९०९, १०७ गुणिले ७ म्हणजे ७४९, अंतर १६०. त्याला ३२ ने भागले की ५. कवठ पाचाला एक. ताळा पाहावा: नऊ आठे बहात्तर आणि सात पंचे पस्तीस, मिळून १०७. सात आठे छप्पन्न आणि नऊ पंचे पंचेचाळीस, मिळून १०१.

नियम पाठ करणाऱ्याला उत्तर मिळते, पण मुलाला नियमाच्या पोटात काय आहे ते दिसले पाहिजे. यासाठी दोन्ही खरेदी एकत्र कराव्यात. सोळा महाळुंगे, सोळा कवठे, किंमत २०८. म्हणजे एक महाळुंग आणि एक कवठ मिळून १३. मग पहिल्या खरेदीतून दुसरी वजा करावी. दोन महाळुंगे अधिक आणि दोन कवठे कमी असा फेरफार झाला की ६ जास्त पडतात. म्हणजे महाळुंग कवठापेक्षा ३ ने महाग. दोघांची बेरीज १३, अंतर ३. तर एक ८ आणि दुसरे ५. बेरीज आणि अंतर यांवरून दोन राशी काढण्याच्या या क्रियेला आपले प्राचीन गणिती ‘संक्रमण’ म्हणत, आणि महावीराचार्यांनी मिश्रक अध्यायाच्या आरंभीच ते सांगून ठेवले आहे. शेकडो श्लोकांच्या अध्यायात पुढे लागणारी किल्ली त्यांनी दारातच टांगून ठेवली, यात त्यांच्यातील शिक्षक दिसतो.

येथे एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. उत्सवी स्मरणिकांतून आपण पुष्कळदा लिहून जातो की, अमुक गोष्ट जगात प्रथम आमच्या आचार्यांनी शोधली. दोन अज्ञातांच्या समीकरणांविषयी तसे लिहिणे सत्याला धरून होणार नाही. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर असे प्रश्न आचार्यांच्या अडीच हजार वर्षे आधी कोरलेले आहेत. चीनमधील ‘नऊ अध्यायां’च्या प्राचीन गणितग्रंथात अशी समीकरणे आकड्यांच्या मांडणीने सोडविण्यास एक संपूर्ण अध्याय दिला आहे. आपल्याकडेही ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्रह्मस्फुटसिद्धान्तात अज्ञात राशींना निरनिराळ्या रंगांची नावे देऊन त्या एकेक करून काढून टाकण्याची व्यापक रीत दिली होती. त्या मानाने महावीराचार्यांचा नियम एका विशिष्ट जातीच्या जोडीपुरता, म्हणजे सहगुणकांची अदलाबदल झालेल्या जोडीपुरता आहे.

मग त्यांचे थोरपण कशात? ते निवड करण्यात आहे. बीजगणिताची चिन्हे नाहीत, अज्ञाताला नाव दिलेले नाही, मांडणीसाठी कागद नाही. धुळीच्या पाटीवर आकडे लिहून पुसायचे आणि नियम मुखोद्गत ठेवायचा. अशा विद्यार्थ्याला दोन अज्ञातांची कल्पना प्रथम कोणत्या उदाहरणाने द्यावी? जिथे दोन्ही खरेदी एकमेकींचे प्रतिबिंब आहेत, बेरीज करताच सर्व सारखे होते आणि वजाबाकी करताच सर्व सुटे होते, अशा उदाहरणाने. हाताखालून पिढ्या गेलेल्या शिक्षकालाच हे सुचते. आजचे पाठ्यपुस्तकही याच प्रकाराला स्वतंत्र स्थान देते, याचे कारण दुसरे काय असावे?

त्यांचा ग्रंथ पूज्य मानणाऱ्याने त्यातील एक चूकही जाणून घेतली पाहिजे, आणि ती चूक नेमकी याच फळांपाशी येऊन उभी राहते. शून्याच्या क्रिया सांगताना महावीराचार्यांनी म्हटले आहे की, एखाद्या राशीला शून्याने भागले असता ती राशी जशीच्या तशी राहते. आता कल्पना करा, त्या माणसाने दोन्ही वेळा आठ महाळुंगे आणि आठ कवठे घेतली, आणि दोन्ही वेळा किंमत १०४ झाली. नियम लावून पाहा. १०४ गुणिले ८ मधून १०४ गुणिले ८ वजा करायचे, उरते शून्य. वर्गांचे अंतर ६४ वजा ६४, तेही शून्य. शून्याला शून्याने भागायचे आणि आचार्यांच्या वचनाप्रमाणे शून्य जसेच्या तसे ठेवायचे, तर महाळुंग फुकट आणि कवठही फुकट! खरी गोष्ट अशी की, येथे दुसरी खरेदी ही दुसरी खरेदीच नव्हे. तीच साक्ष दोनदा दिली म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत. जोडीची किंमत १३ एवढेच कळते. ८ आणि ५ असेल, १० आणि ३ असेल, साडेसहा-साडेसहाही असेल. भागाकारातील शून्य ओरडून सांगत असते की, या माहितीतून उत्तर निघणार नाही. तो आवाज आचार्यांच्या कानी पडला नाही. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे वेगळे नाव दिले आणि ती अनंत मानली. तीही या कोड्याची पूर्ण उकल नव्हती. पण थोरांच्या चुका झाकून ठेवल्याने त्यांचा मान वाढत नाही. स्याद्वादाला वंदन करून ग्रंथ आरंभणाऱ्या आचार्यांना तरी ते रुचले नसते, असे मला वाटते.

माहिती कमी आणि अज्ञात राशी अधिक, अशी उदाहरणे मात्र त्यांनी जाणूनबुजून आणि मोठ्या खुबीने घातली आहेत. एक पक्ष्यांचे आहे. पारवे तीन पणांना पाच, सारस पाच पणांना सात, हंस सात पणांना नऊ आणि मोर नऊ पणांना तीन. राजपुत्राच्या मनोरंजनासाठी शंभर पणांत शंभर पक्षी आणावयाचे आहेत. (अहिंसेच्या उपासकाला पक्ष्यांची ही खरेदी टोचते, हे खरे, पण ग्रंथ व्यवहाराचा आहे आणि उदाहरणे राजधानीच्या बाजारातली आहेत.) येथे चार अज्ञात आणि साक्षी दोनच. एक उत्तर असे: १५ पारवे, २८ सारस, ४५ हंस, १२ मोर, किंमत अनुक्रमे ९, २०, ३५ आणि ३६. दुसरेही चालते: १० पारवे, ४२ सारस, ३६ हंस, १२ मोर. चारही जातींचे पक्षी आणि पूर्ण वाट्यांनीच खरेदी अशी अट धरली तर एकंदर सहा उत्तरे निघतात. उरलेली चार वाचकांनी काढावीत. पाठशाळेतील मुले ती अर्ध्या तासात काढतात.

दुसरे उदाहरण वाटेत सापडलेल्या थैलीचे. तीन व्यापाऱ्यांना ती दिसते. पहिला म्हणतो, ही मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या एकत्र धनाच्या दुप्पट धन माझ्याजवळ होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तिप्पट. तिसरा म्हणतो, पाचपट. थैलीत किती आणि प्रत्येकाच्या हाती किती? पहिल्याजवळ १, दुसऱ्याजवळ ३, तिसऱ्याजवळ ५ आणि थैलीत १५ धरले की तिघांचेही बोलणे खरे ठरते. परंतु २, ६, १० आणि ३० धरले तरीही खरेच ठरते, आणि तसेच पुढे. या प्रश्नातून धन कळत नाही, धनांचे परस्पर प्रमाण तेवढे कळते. ते काढताना सर्वांच्या एकत्र धनाचा तिसरा, चौथा आणि सहावा भाग यांचा मेळ घालावा लागतो. तेथे वर सांगितलेले ‘निरुद्ध’ उपयोगी पडते. व्यापाऱ्यांच्या मुलांना ही उदाहरणे किती गोड लागली असतील याची कल्पना करता येते. व्याज, मुद्दल आणि मुदत यांची मिसळ, निरनिराळ्या कसाच्या सोन्याची मिसळ, भागीदारांच्या नफ्याची वाटणी, हे सारे याच अध्यायात आहे. हाती आलेल्या एका एकत्र आकड्यातून कोणाचे किती हे न्यायाने वेगळे काढणे, हा पेढीवरचा रोजचा धर्म होता.

ग्रंथ लिहिला गेला तो दक्षिणेत पसरला. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन याने तो तेलुगू पद्यात उतरविला. पुढे मात्र लीलावतीचा बोलबाला झाला आणि गणितसारसंग्रह ताडपत्रांवर, मठांच्या आणि भांडारांच्या अंधारात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या सरकारी हस्तलिखित ग्रंथालयात प्राध्यापक एम. रंगाचार्य यांना त्याच्या अपुऱ्या प्रती आढळल्या. म्हैसूर आणि मूडबिद्री येथून आणखी प्रती मिळाल्या. मूडबिद्रीची प्रत कानडी लिपीतील ताडपत्रांवर होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणितेतिहासाचे अभ्यासक डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी १९०८ साली रोम येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत या ग्रंथाचा परिचय करून दिला आणि १९१२ साली रंगाचार्यांचे इंग्रजी भाषांतर मूळ संहितेसह मद्रासहून प्रसिद्ध झाले. म्हणजे जगाला महावीराचार्य ठाऊक झाले ते एका अजैन विद्वानाच्या परिश्रमांमुळे आणि मूडबिद्रीच्या भांडाराने शतकानुशतके वाळवीपासून राखलेल्या ताडपत्रांमुळे. दोन्ही ऋणे सारखीच मोठी आहेत.

महाराष्ट्राचा वाटा त्यानंतरचा आहे आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपले धन प्राचीन जैन ग्रंथांच्या प्रकाशनासाठी दिले. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेचे संपादन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांनी केले. ‘तिलोयपण्णत्ती’ हा लोकरचनेच्या गणिताचा आकरग्रंथ तेथूनच निघाला. १९६३ मध्ये याच मालेत प्राध्यापक लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवाद आणि विस्तृत प्रस्तावनेसह ‘गणितसारसंग्रह’ सिद्ध केला. ते स्वतः गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे नियमांची आधुनिक चिन्हांत मांडणी करून देणे त्यांना शक्य झाले. २००० साली होंबुजच्या जैन मठाने कानडी अनुवादासह आवृत्ती काढली.

आमच्या पाठशाळेत रविवारच्या वर्गात भक्तामर आणि छहढाला यांच्या जोडीला दहा मिनिटे या ग्रंथातील एक उदाहरण घेण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा पहिले उदाहरण अर्थातच महाळुंग आणि कवठ यांचे घेतले. मुलांनी कवठ ओळखले. महाळुंग कोणी पाहिलेले नव्हते, म्हणून एका श्राविकेने आपल्या परसातले आणून दाखविले. उत्तर काढल्यावर मुद्दाम आठ-आठ फळांचा प्रश्न विचारला. बहुतेकांनी घाईने साडेसहा असे उत्तर दिले. सातवीतली एक मुलगी मात्र वहीत बराच वेळ काहीतरी खोडीत बसली होती. ती शेवटी उठून म्हणाली की, गुरुजी, याचे उत्तर निघत नाही, त्या माणसाला पुन्हा एकदा बाजारात पाठवा, आणि या वेळी फळे वेगळ्या संख्येने आणायला सांगा.